एक भूखंड, दोन दावेदार

२०२२ सालच्या उन्हाळ्यात पश्चिम लंडनमध्ये घरे बांधणाऱ्या मंडळींना तेथील महानगर प्राधिकरणाकडून एक चमत्कारिक इशारा मिळाला. जमीन तुमची आहे, नकाशे मंजूर आहेत, पैसाही उभा आहे. तरीही मोठ्या वसाहतींना विजेची नवी जोडणी काही ठिकाणी २०३५ सालापर्यंत मिळणे कठीण आहे, असा त्याचा मथितार्थ होता. ईलिंग, हिलिंग्डन आणि हाउन्स्लो हे लंडनचे तीन विभाग यात सापडले. लंडनमध्ये नव्याने होणाऱ्या घरांपैकी सुमारे दहावा हिस्सा या तीन विभागांत होत होता. २०२२ साली जन्मलेले मूल २०३५ पर्यंत आठवीच्या वर्गात जाऊन बसेल. तेवढा काळ एखाद्या कुटुंबाने घराची वाट पाहायची!

लंडनमध्ये विजेचा दुष्काळ पडला होता काय? मुळीच नाही. वीजकेंद्रे चालू होती. अडचण होती ती वीज वाहून आणणाऱ्या तारांची, केबलींची आणि उपकेंद्रांतील रोहित्रांची. वीज होती, पण तिला यायला वाट नव्हती. त्या भागातील उपकेंद्रांची जवळजवळ सर्व क्षमता आधीच मागून ठेवलेली होती, आणि मागणाऱ्यांत अग्रभागी होती डेटा सेंटरे.

जमिनीच्या एखाद्या तुकड्यावर घरे बांधावीत की डेटा सेंटर, हा प्रश्न आज जगातील अनेक नगरपालिकांपुढे आहे. दोन्ही बाजूंचे लोक तावातावाने बोलतात. पण वादात पडण्यापूर्वी शास्त्राच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट करावी. तराजू हाती घ्यावा आणि प्रत्येक बाजूचे वजन करून पाहावे. आपण आज तेच करणार आहोत.

डेटा सेंटर म्हणजे काय?

तुम्ही मोबाईलवर चित्रफीत पाहता, आई भाजीवाल्याला फोनवरून पैसे देते, बाबा रेल्वेचे आरक्षण करतात. या प्रत्येक वेळी दूर कुठेतरी एक संगणक तुमच्यासाठी काम करीत असतो. अशा हजारो संगणकांना एका छपराखाली ठेवले की झाले डेटा सेंटर. बाहेरून पाहिले तर ते मोठ्या गोदामासारखे दिसते. खिडक्या अगदी थोड्या असतात. आत कपाटांच्या रांगा असतात आणि प्रत्येक कपाटात सर्व्हर, म्हणजे सेवा पुरवणारे संगणक, एकावर एक रचलेले असतात. सोबतीला थंड हवा किंवा थंड पाणी फिरवणारी यंत्रे, बॅटऱ्यांची खोली आणि वीज गेलीच तर चालू होणारी डिझेलची जनित्रे असतात. वीज एक क्षणही जाऊन चालत नाही, म्हणून हा सारा थाटमाट.

आता एक साधा प्रश्न. या संगणकांना दिलेली वीज जाते कोठे? पंपाला दिलेल्या विजेने पाणी वर चढते. संगणक मात्र काही उचलत नाही की ढकलत नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तुम्ही शिकला आहात. त्यानुसार संगणकात शिरलेली जवळजवळ सर्व विद्युत्‌ऊर्जा शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. एखादे कपाट १० किलोवॉट वीज घेत असेल, तर २ किलोवॉटच्या पाच शेगड्या एका कपाटात रात्रंदिवस पेटत ठेवल्यासारखे ते आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरली जाणारी काही नवी कपाटे तर एकेकटी १०० किलोवॉटच्याही पुढे जातात.

मग ते रानात का नको?

कुणीही विचारील, की ही गोदामे दूर माळरानावर न्या, शहरातली जमीन घरांना राहू द्या! सूचना चांगली आहे आणि काही कामांसाठी ती अमलातही येते. पण एक अडचण प्रकाशाच्या वेगाची आहे. निर्वातात प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. काचेच्या तंतूत मात्र त्याचा वेग सुमारे २ लाख किलोमीटर इतकाच असतो. म्हणजे २०० किलोमीटरला एक मिलिसेकंद, आणि जाऊन येण्यास दोन. तुमच्या-आमच्या दृष्टीने हा काळ नगण्य आहे. पण एका केंद्रातील नोंद त्याच क्षणी दुसऱ्या केंद्रातही उतरवायची असेल, आणि हे दिवसातून कोट्यवधी वेळा घडायचे असेल, तर एकेक मिलिसेकंद मोलाचा ठरतो.

त्यामुळे डेटा सेंटरे एकमेकांच्या आणि मोठ्या केबलींच्या जवळ घोळका करून राहतात. लंडनपासून पश्चिमेकडे जाणाऱ्या एम-४ या महामार्गाच्या कडेने प्रकाशतंतूंच्या केबली गेलेल्या आहेत आणि त्या अटलांटिकपार जाणाऱ्या समुद्री केबलींना मिळतात. मुंग्यांची रांग साखरेच्या वाटेने लागावी, तशी डेटा सेंटरे या रस्त्याच्या आजूबाजूला लागली. नेमक्या त्याच भागात लंडनला नवी घरेही हवी होती.

पहिले वजन : वीज

आता थोडे गणित करू. समजा, एका गावाच्या वेशीवर ४० एकर जमीन आहे. एकरी ४० प्रमाणे तेथे इमारतींमधून १,६०० घरे होतील. किंवा त्याच जागेत ५० मेगावॉट जोडणीचे एक डेटा सेंटर होईल आणि ते सरासरी ४० मेगावॉट वीज घेईल. हे आकडे आपण सोयीसाठी धरले आहेत. तुम्ही ते बदलून पुन्हा गणित करू शकता.

डेटा सेंटरची वर्षाची वीज : ४०,००० किलोवॉट गुणिले ८,७६० तास, म्हणजे सुमारे ३५ कोटी युनिट.

घरांची वर्षाची वीज : प्रत्येक घर महिन्याला २०० युनिट वापरते असे धरले, तर वर्षाला २,४०० युनिट. १,६०० घरांचे झाले ३८ लाख ४० हजार युनिट.

म्हणजे त्याच जमिनीवर डेटा सेंटर घरांच्या सुमारे नव्वदपट वीज वापरील! पण थांबा. येथे एक खाच आहे. तारेला वर्षाची वीज कळत नाही. तिला कळतो तो एका वेळी पडणारा भार. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराचा सरासरी भार पाव किलोवॉटच्या थोडा वर जातो. परंतु संध्याकाळी दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर, पाणी तापवण्याचा हीटर सारे एकदम चालू होते. म्हणून रोहित्र बसवताना घरटी, समजा, २ किलोवॉटची सोय ठेवावी लागते. १,६०० घरांना ३.२ मेगावॉट. डेटा सेंटरला मात्र ५० मेगावॉट. तारेच्या हिशेबाने हे प्रमाण सुमारे सोळापट झाले.

एकाच प्रश्नाची नव्वद आणि सोळा अशी दोन उत्तरे! दोन्ही बरोबर आहेत. पहिले ऊर्जेचे आहे, दुसरे शक्तीचे. कोळसा किती जळेल हे विचारायचे असेल, तर पहिले पाहावे. उपकेंद्र पुरेल की नाही हे विचारायचे असेल, तर दुसरे. सभेत कुणी आकडा फेकला की तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे आधी विचारावे.

दुसरे वजन : पाणी

आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरण्याची रीत आहे. १,६०० घरांत प्रत्येकी चार माणसे धरली, तर ६,४०० माणसांना रोज ८ लाख ६४ हजार लिटर पाणी लागेल.

डेटा सेंटरचे काय? उष्णता घालवण्याचा एक स्वस्त मार्ग म्हणजे पाण्याचे बाष्पीभवन. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते तेच हे कारण. एक किलोग्रॅम पाण्याची नेहमीच्या तापमानाला वाफ होताना ते सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषून घेते. एक युनिट वीज म्हणजे ३,६०० किलोज्यूल. तेव्हा एक युनिट विजेची उष्णता घालवण्यास दीड लिटर पाणी उडवावे लागेल. ४० मेगावॉटचे केंद्र दिवसाला ९ लाख ६० हजार युनिट घेते. सर्व उष्णता याच मार्गाने घालवली, तर रोज १४ लाख ४० हजार लिटर पाणी लागेल. हे घरांच्या दीडपटीहून अधिक झाले. शिवाय घरात वापरलेले पाणी बव्हंशी सांडपाणी म्हणून परत येते, शुद्ध करून पुन्हा वापरता येते. हवेत उडालेले पाणी गावाला परत मिळत नाही.

परंतु हे गणित सर्वच केंद्रांना लावणे अन्यायाचे होईल. पुष्कळ केंद्रांत तेच ते पाणी बंद नळ्यांतून फिरवतात आणि मोठ्या प्रशीतकांनी ते गार करतात. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळाने नेमलेल्या लेखापरीक्षण आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये एक अहवाल दिला. बहुतेक डेटा सेंटरांचा पाणीवापर एखाद्या मोठ्या कार्यालयाइतका किंवा त्याहून कमी आहे, मोजक्या केंद्रांचा मात्र फार मोठा आहे, असे त्यात आढळले. पण पाणी वाचवणारे केंद्र त्याचे मोल विजेत मोजते, कारण प्रशीतकांना जादा वीज लागते. म्हणून अर्जदाराला नुसते ‘पाणी किती?’ असे विचारून भागत नाही. ‘गार कसे करणार?’ असे विचारावे लागते.

तिसरे वजन : पैसा आणि रोजगार

व्हर्जिनियाचे नाव निघालेच आहे, तर तेथील लाउडन काउंटीकडे वळू. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. राजधानी वॉशिंग्टनजवळच्या या भागात संगणक-जाळ्यांच्या अदलाबदलीचे एक मोठे ठाणे १९९० नंतरच्या दशकात वाढले, आणि मग एकामागून एक डेटा सेंटरे येत गेली. आज लाउडनमध्ये, विशेषतः ॲशबर्न या गावाभोवती, जगातील सर्वांत दाट घोळका आहे.

लाउडनला याचा फायदा झाला, हे मान्य केले पाहिजे. तेथे इमारतीबरोबर आतल्या संगणकांवरही दरसाल कर बसतो, आणि संगणक काही वर्षांनी बदलावे लागत असल्याने कर घेण्याजोगा माल सतत ताजा राहतो. डेटा सेंटरात मुले राहत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी शाळा बांधाव्या लागत नाहीत. रस्त्यावर गर्दीही फारशी होत नाही. याउलट १,६०० घरे आली, की शाळा, दवाखाना, बस, कचऱ्याची गाडी सारे आले. लाउडनमध्ये २०१२ साली घराच्या दर १०० डॉलर किमतीमागे १.२० डॉलरहून अधिक असलेला कराचा दर २०२५ मध्ये सुमारे ०.८० डॉलरवर आला. याच काळात घरांच्या किमतीही वाढल्या, म्हणून सारे श्रेय डेटा सेंटरांना देता येणार नाही. पण मोठा वाटा त्यांचा आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. डेटा सेंटरची कंपनी एका एकराला काही दशलक्ष डॉलर मोजू शकते. त्या भावात घेतलेल्या जमिनीवर सामान्य माणसाला परवडणारे घर कोण बांधील? म्हणजे घराचा कर कमी झाला, पण घरच मिळेनासे झाले. ज्याला आधीच घर आहे त्याचा फायदा आणि ज्याला ते हवे आहे त्याचा तोटा, असा हा व्यवहार आहे. आणि ज्याला घर हवे आहे तो अजून त्या गावात राहत नसल्यामुळे तेथील सभेत मत मांडायला येऊ शकत नाही, हे तुमच्या ध्यानात आले का?

रोजगाराचेही तसेच. वर सांगितलेल्या अहवालानुसार अडीच लाख चौरस फुटांचे एक नेहमीचे केंद्र बांधताना ऐन भरात सुमारे १,५०० माणसे कामावर असतात. चालू झाल्यावर सुमारे ५० पुरतात. बांधकाम वर्ष-दीड वर्षाचे असते, केंद्र अनेक वर्षांचे.

शेजाऱ्यांना आणखी एक त्रास होतो. छपरावरील पंख्यांची घरघर रात्रीही थांबत नाही. कमी कंप्रतेचा आवाज भिंतींनी नीट अडत नाही, म्हणून तो खिडक्या लावूनही घरात येतो. यावर उपाय आहेत. पंख्यांची जागा बदलता येते, आवाज अडवणारे पडदे लावता येतात, अंतर वाढवता येते. मात्र ते इमारत उभी राहण्यापूर्वी ठरवावे लागतात.

रांग की तराजू?

सर्व वजने पारड्यात पडली. आता निकाल काय? विद्यार्थी मित्रांनो, येथे शास्त्राचा हात थोडा आखडतो. मेगावॉट, लिटर, रुपये आणि रात्रीची झोप यांची बेरीज करता येत नाही. कोणत्या गोष्टीला किती महत्त्व द्यायचे हे लोकांनी ठरवायचे असते. शास्त्र एवढेच करू शकते, की प्रत्येक आकडा खरा आहे ना आणि एकही पारडे झाकलेले नाही ना, हे पाहू शकते.

पण पश्चिम लंडनचा धडा याहून वेगळा आहे. तेथे घर मोठे की डेटा सेंटर मोठे, असा निर्णय कुणी घेतलाच नव्हता! वीजजोडणीचा नियम होता ‘जो आधी येईल त्याला आधी’. डेटा सेंटरवाल्यांनी पुढच्या अनेक वर्षांची मागणी आधी नोंदवली, घरे मागून आली. नियम दिसायला निःपक्षपाती. पण रांगेला फक्त क्रमांक कळतो. उभा असलेला माणूस कशासाठी उभा आहे, हे तिला कळत नाही. जेथे तराजू लावला जात नाही, तेथे निर्णय व्हायचा राहत नाही. तो रांग करून टाकते.

पुढे प्राधिकरण आणि वीज कंपन्या एकत्र बसल्या. छोट्या मागणीच्या प्रकल्पांना आधी जोडणी द्यावी, मोठ्यांनी आपला भार टप्प्याटप्प्याने वाढवावा, अशा तडजोडी निघाल्या आणि थांबलेली काही घरे मार्गी लागली. म्हणजे वाट अगदीच बंद नव्हती. ती शोधण्यास उशीर झाला होता.

लाउडननेही रांगेचा नियम बदलला. ठरावीक विभागांत डेटा सेंटर बांधण्यास तेथे वेगळ्या जाहीर सुनावणीची गरज नव्हती. मार्च २०२५ मध्ये तेथील मंडळाने ही मोकळीक काढून घेतली; आता नव्या प्रस्तावाला जाहीर सुनावणीतून जावे लागते. शेजारच्या प्रिन्स विल्यम काउंटीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तेथे २,००० एकरांहून अधिक ग्रामीण जमीन डेटा सेंटरांसाठी खुली करण्याचा प्रस्ताव होता. डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे २७ तास चाललेल्या सभेनंतर तो ४ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला. कारण काय? सुनावणीची जाहीर सूचना कायद्याप्रमाणे दिली गेली नव्हती. २७ तास लोक बोलले, तरी कायद्याने दोष दाखवला तो त्यापूर्वीच्या जाहिरातीत. लोकांना वेळेवर सांगणे हासुद्धा तराजूचाच एक भाग आहे.

शत्रू की शेजारी?

घरे आणि डेटा सेंटर यांचे नेहमी वैरच असते, असेही नाही. पश्चिम लंडनमध्येच ओल्ड ओक आणि पार्क रॉयल या भागात एक वेगळी योजना हाती घेण्यात आली आहे. डेटा सेंटरांतून वाया जाणारी उष्णता पाण्याच्या नळ्यांतून घरांकडे न्यायची आणि उष्मा-पंपाने तिचे तापमान वाढवून १०,००० घरे ऊबदार ठेवायची. त्यासाठी ब्रिटिश सरकारने २०२३ मध्ये ३ कोटी ६० लाख पौंड मंजूर केले. जी उष्णता घालवण्यासाठी एकाला पैसे मोजावे लागतात, तीच विकत घेण्यासाठी शेजारी पैसे मोजतो! अर्थात थंड देशात हे जमते. मुंबईच्या दमट हवेत घर तापवण्याची उष्णता कुणी फुकटही घेणार नाही. तेव्हा दुसऱ्या देशाचे उत्तर जसेच्या तसे उतरवून घेऊ नये. रीत मात्र जरूर घ्यावी.

आपल्याकडे

हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. परदेशांकडे जाणाऱ्या अनेक समुद्री केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. त्यामुळे देशातील डेटा सेंटरांचा मोठा हिस्सा मुंबई आणि नवी मुंबईत, ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहतींत एकवटला आहे. आणि घराची चणचण मुंबईकराला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

कोणती जमीन कशासाठी, हे आपल्याकडे विकास आराखड्यात ठरते. त्यामागे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा कायदा आहे. मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा असेल, तर कलम ३७ प्रमाणे राजपत्रात सूचना द्यावी लागते आणि लोकांना हरकती व सूचना मांडण्यासाठी एक महिन्याची मुदत मिळते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत, सर्व्हे नंबरांनी भरलेली अशी सूचना तुम्ही पाहिली असेल आणि पान उलटले असेल. पुढच्या वेळी उलटू नका. आपल्या गावाचा तराजू त्या चौकटीत टांगलेला असतो, आणि तो एक महिनाच टांगलेला असतो.

वर्गात करून पाहा

१. घरच्या वीजबिलावरून वर्षाची युनिट काढा. ५० मेगावॉटच्या केंद्राच्या एका तासाच्या विजेवर तुमचे घर किती वर्षे चालेल?

२. आपल्या गणितात घरांची घनता एकरी ४० ऐवजी १०० धरा. विजेची आणि पाण्याची तुलना कशी बदलते? कोणते पारडे उलटे झुकते?

३. वर्गाचे चार गट करा : घर शोधणारे कुटुंब, डेटा सेंटरची कंपनी, आधीपासून राहणारे शेजारी आणि नगरपालिका. प्रत्येक गटाने पाच मिनिटे बोलावे. पण प्रत्येक विधानाला आकडा आणि त्याचे एकक दिलेच पाहिजे. पाचवा गट करून त्याला एकच काम द्यावे : या सभेत कोण हजर नाही, हे शोधण्याचे.

४. विकास आराखड्याचा नकाशा नगरपालिकेत पाहावयास मिळतो. शिक्षकांबरोबर जाऊन तुमच्या शाळेजवळचा एक मोकळा भूखंड त्यावर शोधा. तो कशासाठी राखलेला आहे?